गटात पाचवा : लिऊ छांगछुन आणि नकाराचा इतिहास

१/ १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे निकाल चाळताना पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेरीत एक नोंद आढळते : लिऊ छांगछुन, चीन, गटात पाचवा. पुढच्या फेरीच्या यादीत हे नाव नाही. २०० मीटरच्या यादीत ते पुन्हा दिसते, गटात चौथे, आणि तिथेच संपते. त्या स्पर्धेत चीनच्या नावापुढे दुसरा एकही खेळाडू नाही. त्या काळी सुमारे चाळीस कोटी लोकसंख्या असलेल्या देशाचा ऑलिंपिकमधला हा पहिला आणि त्या वर्षीचा एकमेव धावपटू. आजचा थ्रेड त्याच्याविषयी आहे.

२/ एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील आशियाई खेळांचा अभ्यास करते आहे. विषय ऐकल्यावर बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग पदक कोणाला मिळालं?’ लिऊला कुठलेही ऑलिंपिक पदक मिळाले नाही. तो अंतिम फेरीच्या जवळपासही पोहोचला नाही. तरीही गेले वर्षभर मी ज्या माणसाकडे पुन्हा पुन्हा वळते तो हाच आहे. त्याची सर्वांत कठीण शर्यत ट्रॅकवर उतरण्यापूर्वीच झाली होती आणि तिची वेळ कोणत्याही घड्याळाने नोंदवली नाही.

३/ सुरुवात त्याच्या जन्मगावापासून करावी लागेल, कारण सारा पेच तिथलाच आहे. लिऊचा जन्म १९०९ साली दालियानजवळ झाला. ईशान्य चीनच्या दक्षिण टोकाचे हे बंदर. १९०४-०५च्या युद्धात रशियाचा पराभव करून जपानने लिआओतुंग द्वीपकल्पाच्या या टोकाचा भाडेपट्टा स्वतःकडे घेतला होता. म्हणजे लिऊ जन्मला तेव्हा त्याच्या गावावर चीनचे राज्य नव्हते. पोलीस, न्यायालय, शाळाखाते, सारे जपानी. परक्याच्या कारभारात वाढलेल्या मुलाला स्वतःचा देश कोणता हे नकाशा पाहून कळत नाही, ते त्याला ठरवावे लागते.

४/ त्याच्या पायांतील वेग पाहून त्याला शेनयांगच्या (तेव्हाचे मुकदेन) ईशान्य विद्यापीठात प्रवेश मिळाला. हे विद्यापीठ मांचुरियाचा लष्करशहा चांग त्सोलिन याने १९२३ साली स्थापन केले होते. १९२८ मध्ये जपानी लष्करातील अधिकाऱ्यांनी त्याची आगगाडी स्फोटाने उडवून त्याची हत्या केली आणि सत्ता त्याचा मुलगा चांग श्वेलियांग याच्याकडे आली. लोक त्याला ‘तरुण मार्शल’ म्हणत. या तरुण मार्शलला खेळांचे वेड होते. विद्यापीठाचा प्रमुखही तोच होता.

५/ १९२९ साली शेनयांगमध्ये झालेल्या उत्तर चीनच्या स्पर्धेत लिऊने १०० मीटर १०.८ सेकंदांत पार केले. पुढच्या वर्षी हांगचौच्या राष्ट्रीय स्पर्धेत १००, २०० आणि ४०० मीटर या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. एक अंदाज यावा म्हणून सांगते : १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पर्सी विल्यम्सने १०० मीटरचे सुवर्ण १०.८ सेकंदांतच जिंकले होते. ट्रॅक वेगळा, घड्याळे हातातली, त्यामुळे थेट तुलना योग्य होणार नाही. तरी विशीतील या मुलाकडे देशाचे लक्ष का वेधले गेले असेल, ते यावरून समजते.

६/ १८ सप्टेंबर १९३१. जपानी लष्कराने शेनयांगजवळ स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, त्याचा आळ चिनी सैनिकांवर घेतला आणि त्या निमित्ताने शहर काबीज केले. चांग श्वेलियांग तेव्हा बेइपिंगमध्ये (आजचे बीजिंग) होता. त्याच्याकडे मोठे सैन्य होते, पण आदेश निघाला तो प्रतिकार न करण्याचा. काही महिन्यांत संपूर्ण मांचुरिया हातचा गेला. विद्यापीठ एका रात्रीत निर्वासित झाले. विद्यार्थी मिळेल त्या गाडीने बेइपिंगला पोहोचले. त्या निर्वासितांत लिऊ होता.

७/ १ मार्च १९३२ रोजी जपानने मांचुरियात ‘मांचुकुओ’ नावाचे राज्य उभे केले. पदच्युत सम्राट पुयी याला त्याच्या प्रमुखपदी बसवले. भूमी मिळाली होती, शासनही होते, उणीव होती ती जगाच्या मान्यतेची. राष्ट्रसंघाचा लिटन आयोग त्याच वसंतात मांचुरियात फिरून चौकशी करत होता. नव्या राज्याला आपण खरे आहोत हे दाखवण्यासाठी ध्वज हवा असतो, राष्ट्रगीत हवे असते, टपालाची तिकिटे हवी असतात. आणि १९३२ हे ऑलिंपिकचे वर्ष होते. त्यामुळे धावपटूही हवा होता.

८/ मांचुकुओच्या बाजूच्या वृत्तपत्रांत बातमी झळकली : लॉस एंजेलिसला आपले दोन खेळाडू जाणार, लिऊ छांगछुन आणि लांब पल्ल्याचा धावपटू यू शीवेई. लिऊला कोणी विचारले नव्हते. त्याची सहमती घेतलेली नव्हती. त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याचा वेग एवढे भांडवल पुरेसे होते. गाव आमच्या ताब्यात, म्हणून माणूसही आमचा, असा तो हिशेब होता.

९/ या बातमीपाशी मी बराच काळ थांबले. मुलूख जिंकणे आपल्या परिचयाचे असते. लढाया, तह, सरहद्दी यांवरच आपली पाठ्यपुस्तके उभी असतात. पण एखाद्या माणसाचे नाव जिंकणे हा आक्रमणाचा सूक्ष्म प्रकार आहे. त्यात एकही गोळी झाडली जात नाही. कोणीतरी तुमच्या वतीने एक वाक्य छापते आणि तुम्ही गप्प राहिलात की ते वाक्य खरे ठरते. लिऊचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. मी आज त्याच्याहून मोठी आहे.

१०/ तो गप्प राहिला नाही. मे १९३२ मध्ये त्याने ‘ता कुंग पाओ’ या प्रतिष्ठित वृत्तपत्रातून जाहीर निवेदन दिले. आपली सदसद्विवेकबुद्धी शाबूत आहे, रक्त अजून थंड झालेले नाही, देशाशी द्रोह करून आपण या बनावट राज्यासाठी राबणार नाही, असा त्याचा आशय होता. इतिहासाच्या वर्गात आम्हाला अशा वाक्यांकडे संशयाने पाहायला शिकवतात. फलकावर शोभतील अशी वाक्ये बहुधा नंतर घडवलेली असतात. पण इथे कालक्रम महत्त्वाचा आहे. हे निवेदन वृत्तपत्रात आले तेव्हा त्यापासून लाभ कोणताच नव्हता, धोका मात्र होता.

११/ धोका कोणता? त्याचे मूळ घर जपानच्या ताब्यातील प्रदेशात होते. यू शीवेईचे काय झाले ते पाहा. तो दालियानमध्ये होता, जपानी पहाऱ्यामुळे त्याला तिथून निघता आले नाही आणि त्याचे ऑलिंपिक हुकले. दोन मित्र, एकाच बातमीत छापलेली दोन नावे. एकाचे आज आपण स्मरण करतो, दुसऱ्याचे नाव याच परिच्छेदापुरते येते. त्यांच्या धैर्यात फरक होता असे मानायला मला आधार दिसत नाही. फरक एवढाच की त्या वसंतात एक जण बेइपिंगमध्ये होता आणि दुसरा दालियानमध्ये.

१२/ नकार देऊन प्रश्न अर्धाच सुटला होता. नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने पैसे नाहीत म्हणून लॉस एंजेलिसला संघ पाठवायचे नाही असे ठरवले होते. क्रीडा महासंघाचे शेन सिलियांग केवळ निरीक्षक म्हणून जाणार होते. म्हणजे ज्या देशासाठी लिऊने नकार दिला त्या देशाचा त्याला धावायला पाठवण्याचा विचारच नव्हता. एका बाजूला त्याला न विचारता पाठवू पाहणारे राज्य आणि दुसऱ्या बाजूला पाठवण्यास असमर्थ असलेले राज्य, अशा दोहोंच्या मध्ये तो उभा होता.

१३/ इथे चांग श्वेलियांग पुन्हा कथेत येतो. त्याने स्वतःच्या खिशातून आठ हजार रौप्य युआन दिले. जुलैच्या आरंभी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात लिऊ आणि यू चीनतर्फे जाणार, सुंग चुनफू प्रशिक्षक असतील, अशी घोषणा त्याने केली. नावे तारेने कळवली गेली. आठवडाभरात, ८ जुलै रोजी, लिऊ आणि सुंग शांघायहून ‘प्रेसिडेंट विल्सन’ या जहाजाने निघाले.

१४/ ही देणगी चिनी आठवणींत नेहमी उदारपणाची गोष्ट म्हणून येते, आणि ती उदार होतीच. पण दहा महिने मागे जा. शेनयांगवर हल्ला झाला तेव्हा याच माणसाने सैन्याला बंदुका खाली ठेवायला लावल्या होत्या. देशभर त्याची निंदा होत होती. ज्याने सैन्य पाठवले नाही त्याने धावपटू पाठवला. मला वाटते, त्या आठ हजारांत पश्चात्तापाचाही काही भाग असावा. हे माझे अनुमान आहे, कोणत्याही दस्तऐवजाने ते सिद्ध होत नाही. पण गमावलेल्या मुलुखाचे सारे ओझे एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर ठेवून त्याला जहाजावर चढवले गेले, एवढे तर उघड आहे.

१५/ आता प्रवास. शांघाय ते लॉस एंजेलिस, तीन आठवडे. लिऊ जहाजाच्या डेकवर सराव करत असे. महाविद्यालयात असताना मी रिले संघात धावत असे, त्यामुळे या तपशिलाने मला अस्वस्थ केले. परीक्षेमुळे आठ दिवस सराव सुटला तरी पहिल्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या होतात. शंभर मीटरची शर्यत केवळ ताकदीची नसते. पाय जमिनीला किती क्षणभर टेकतो आणि किती जोराने तिला मागे ढकलतो, यावर सारे अवलंबून असते. हलत्या लाकडी डेकवर, समुद्राच्या झोक्यात, पूर्ण वेगाने धावणे शक्य नसते. तिथे शरीर फार तर गंजण्यापासून वाचवता येते.

१६/ वाटेत जहाज जपानच्या कोबे बंदरालाही लागले. ज्या देशाच्या लष्कराने त्याचे विद्यापीठ बळकावले त्याच देशाच्या धक्क्यावर थांबल्याशिवाय पॅसिफिक ओलांडता येत नव्हता. तिथे वार्ताहरांनी त्याला गाठून तो मांचुकुओचा प्रतिनिधी आहे का, असे विचारल्याचे त्याने पुढे सांगितले. म्हणजे मे महिन्यात दिलेला नकार त्याला जुलैमध्ये पुन्हा द्यावा लागला. पुढे होनोलुलूत तिथल्या चिनी लोकांनी त्याचे स्वागत केले. जहाज २९ जुलै रोजी लॉस एंजेलिसला पोहोचले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते आणि तिसऱ्या दिवशी त्याची शर्यत.

१७/ ३० जुलै. कोलिझियम स्टेडियममध्ये लाखभर प्रेक्षक. चीनच्या पथकात सहा माणसे चालली आणि त्यांतला खेळाडू एकच. ध्वज लिऊच्या हाती. बाकीच्यांत प्रशिक्षक, अधिकारी आणि ओळ भरावी म्हणून अमेरिकेतच जोडले गेलेले लोक. जपानचे शंभराहून अधिक खेळाडूंचे पथक त्याच मैदानात होते आणि त्या स्पर्धेत जपानने सात सुवर्णपदके मिळवली. भारताचा हॉकी संघही तिथे होता, वसाहतीच्या ध्वजाखाली. कोणाच्या नावाने खेळायचे हा प्रश्न त्या संचलनात केवळ लिऊपुरता नव्हता.

१८/ ३१ जुलै, १०० मीटर, प्राथमिक फेरी. लिऊच्याच लेखनानुसार सुरुवात चांगली झाली आणि पहिल्या टप्प्यात तो पुढे होता. नंतर एकेक जण त्याला मागे टाकत गेला. अंदाजे अकरा सेकंदांत तो पाचवा आला. धावपटूंना हे चित्र ओळखीचे वाटेल. सुरुवातीच्या झेपेला सवय पुरते, पण शेवटचे तीस मीटर वेग टिकवायला ताज्या सरावाचे पाय लागतात. तीन आठवडे समुद्रावर घालवलेल्या पायांनी साथ सोडली ती नेमकी तिथे.

१९/ २ ऑगस्टला २०० मीटरमध्ये तो गटात चौथा आला. ४०० मीटरसाठीही त्याचे नाव होते, पण थकव्यामुळे त्याने माघार घेतली. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या एडी टोलनने १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके जिंकली. १०० मीटरच्या अंतिम फेरीत जपानचा ताकायोशी योशिओका सहावा आला. ‘अंतिम फेरीतला आशियाई’ हा मान अशा प्रकारे जपानकडे गेला. योशिओका एक उत्तम खेळाडू होता आणि त्याचे यश त्याचे स्वतःचे होते. लष्कराचा हिशेब धावपटूच्या नावावर मांडायचा नाही, हा न्याय लिऊला लावायचा तर तो योशिओकालाही लावायला हवा.

२०/ स्पर्धा संपली आणि परतीच्या भाड्याला पैसे नव्हते. तिथे स्थायिक झालेल्या चिनी लोकांनी वर्गणी काढून त्याची सोय केली. हसू येईल, पण त्याच वेळी सुवर्णपदक जिंकलेला भारतीय हॉकी संघही खर्च भागवण्यासाठी परतीच्या वाटेवर अनेक देशांत प्रदर्शनी सामने खेळत होता. त्या काळात आशियातून ऑलिंपिकला जाणे म्हणजे जिंकणे वा हरणे यापूर्वी येण्याजाण्याचा खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न असे.

२१/ मग या साऱ्यातून निष्पन्न काय झाले? प्रामाणिक उत्तर : मांचुकुओचे राज्य लिऊच्या नकाराने पडले नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाने त्याला मान्यता नाकारली आणि जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला, त्याचाही लिऊशी संबंध नव्हता. पण मांचुकुओला हवे असलेले छायाचित्र, म्हणजे त्याच्या ध्वजामागे चालणारा खेळाडू, १९३२ साली मिळाले नाही. १९३४ मध्ये जपानने मांचुकुओला अतिपूर्वेच्या स्पर्धांत घेण्याचा आग्रह धरला, चीनने विरोध केला आणि १९१३ पासून चालत आलेली ती स्पर्धाच त्या वादात संपली. खेळाच्या मैदानावरील मान्यता किती मोलाची होती, हे यावरून दिसते.

२२/ लिऊचा सर्वोत्तम क्षण मायदेशीच आला. ऑक्टोबर १९३३ मध्ये नानजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० मीटर १०.७ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. हा विक्रम १९५८ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे टिकला. लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्या पंचवीस वर्षांत दुसरेही काही दिसते. त्या काळात आठ वर्षे जपानशी युद्ध झाले, त्यानंतर यादवी झाली. त्याच्याहून वेगवान ठरू शकली असती अशी किती मुले त्या काळात ट्रॅकपर्यंत पोहोचलीच नाहीत? टिकून राहिलेला विक्रम कधी कधी धावपटूचे सामर्थ्य सांगतो, कधी देशाचे झालेले नुकसान.

२३/ १९३६ साली तो बर्लिनला गेला. या वेळी मोठे पथक होते. चीनचा फुटबॉल संघ आग्नेय आशिया आणि भारतात सामने खेळून, तिकिटांच्या पैशांतून खर्च जमवत आला आणि मुंबईत बाकीच्या पथकाला जहाजावर येऊन मिळाला. म्हणजे लिऊचा प्रवास आपल्या मुंबई बंदरावरून झाला. बर्लिनमध्ये चिनी पथकाने पारंपरिक युद्धकलेची प्रात्यक्षिके दाखवली, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुणही त्याच शहरात भारतीय खेळ दाखवत होते. लिऊ मात्र १०० मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाला.

२४/ त्याच डिसेंबरात चांग श्वेलियांगने च्यांग कै-शेक याला शीआनमध्ये कैद केले आणि जपानविरुद्ध एकजूट करण्यास भाग पाडले. मोबदल्यात त्याचे पुढचे अर्धशतक नजरकैदेत गेले. २००१ साली तो होनोलुलूत मरण पावला, लिऊच्या वाटेवरील त्याच बंदरात. लिऊ १९४९ नंतर आपल्या गावी परतला, दालियानच्या अभियांत्रिकी संस्थेत शारीरिक शिक्षण शिकवू लागला. आता ते गाव नकाशावरही त्याच्या देशाचे होते.

२५/ पुढच्या पिढीचा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. ऑक्टोबर १९६५ मध्ये छुंगछिंग इथे छेन च्याछ्वान या धावपटूने १०० मीटर १०.० सेकंदांत पार केले. तेव्हाच्या विश्वविक्रमाशी ही बरोबरी होती. पण तैवानच्या प्रश्नावरून १९५८ साली जनवादी चीन आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटनांतून बाहेर पडला होता, त्यामुळे जगाच्या पुस्तकात तिची नोंद झाली नाही. लिऊचे नाव त्याच्या इच्छेविरुद्ध एका यादीत घातले गेले, तर छेनचे नाव यादीबाहेर राहिले. दोघांच्याही बाबतीत निर्णय धावपट्टीपासून फार दूर झाला होता.

२६/ १९७९ मध्ये चीनला ऑलिंपिक चळवळीत पुन्हा प्रवेश मिळाला. पुढचे उन्हाळी ऑलिंपिक ज्यात चीनने पूर्ण पथकासह भाग घेतला, ते १९८४चे. शहर लॉस एंजेलिस. पहिल्याच दिवशी नेमबाज शू हायफंगने चीनचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. तारीख होती २९ जुलै. बावन्न वर्षांपूर्वी लिऊचे जहाज त्याच शहराच्या बंदराला लागले ते त्याच तारखेला. लिऊ ते पाहू शकला नाही. मार्च १९८३ मध्ये दालियान इथे त्याचे निधन झाले होते.

२७/ धावण्याचे उत्तर यायला आणखी वेळ लागला. १ ऑगस्ट २०२१, टोकियो. चीनच्या सू बिंगत्येनने उपांत्य फेरीत ९.८३ सेकंदांचा आशियाई विक्रम केला आणि अंतिम फेरीत तो सहावा आला. वय जवळजवळ बत्तीस. सुरुवातीला पुढे ठेवायचा पाय बदलून त्याने आपले तंत्र नव्याने बसवले होते. पाठीशी अमेरिकी प्रशिक्षक, प्रयोगशाळा आणि स्थिर धावपट्टी होती. ऑलिंपिक १०० मीटरच्या अंतिम फेरीत त्याच्याआधी पोहोचलेला शेवटचा आशियाई धावपटू म्हणजे १९३२चा योशिओका. तोही सहावाच. एकोणनव्वद वर्षांची ही साखळी ज्या स्पर्धेपाशी जाऊन मिळते, तिच्याच प्राथमिक फेरीत लिऊ पाचवा आला होता.

२८/ आज चीनमध्ये लिऊ राष्ट्रीय वीर आहे. २००८ साली, बीजिंग ऑलिंपिकच्या वर्षी, त्याच्यावर चित्रपटही आला. पण १९३२ साली त्याने हातात धरलेला ध्वज निळ्या आकाशातील शुभ्र सूर्याचा होता. तो प्रजासत्ताक चीनचा, म्हणजे आज तैवानवर फडकणारा. जनवादी चीनचा ध्वज जन्मायला अजून सतरा वर्षे होती. ज्याने आयुष्यात एकदा आपल्या नावावरचा परका दावा फेटाळला, त्याच्या नावावर मृत्यूनंतर नवे दावे होतच राहिले. ते फेटाळायला तो हयात नाही. म्हणून निदान इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्वजाचा रंग नीट लिहावा.

२९/ आता प्रबंधिकेत या माणसाची नोंद कशी करायची, हा माझा प्रश्न. निकालपत्रक नकाराची नोंद ठेवत नाही. काय घडले ते त्यात असते, एखाद्याने काय घडू दिले नाही ते नसते. लिऊचे मोठेपण दुसऱ्या रकान्यातले आहे. त्याने साम्राज्य थोपवले नाही. आपल्या नावाने छापले गेलेले एक खोटे वाक्य त्याने खोडले आणि मग स्वतःच्या नावाने धावायला तो अर्धे जग ओलांडून गेला. धावला, हरला, वर्गणीच्या पैशांवर घरी परतला. हे सारे एकत्र सांगितले तरच ‘गटात पाचवा’ या दोन शब्दांचा अर्थ पुरा होतो.

३०/ वाचकहो, आपल्या वतीने वाक्ये छापणारे आज पूर्वीहून अधिक आहेत आणि त्यांना वृत्तपत्राचीही गरज उरलेली नाही. आपले गाव, आपली भाषा, आपले आडनाव पाहून आपण कोणाच्या बाजूचे ते परस्पर जाहीर होते. बावीस वर्षांचा एक विद्यार्थी अशा वेळी काय करू शकतो, याचे एक जुने उदाहरण तुमच्यापुढे ठेवले. पुढच्या थ्रेडमध्ये अतिपूर्वेच्या स्पर्धांची कथा सविस्तर सांगेन. तोवर प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा.